पहिली मोटारसायकल निवडताना: चुका पोटात घालणारी गाडी कशी ओळखावी

पहिली मोटारसायकल घेऊ पाहणाऱ्याला भेटेल तो माणूस दोन प्रश्न विचारतो: किती सीसीची घेणार, आणि ॲव्हरेज किती देते? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, परंतु नवशिक्याच्या बाबतीत ते बरेच खाली येतात. क्लच नेमका कुठे पकडतो हे ज्याच्या हाताला अजून कळलेले नाही, ज्याचा पाय मागच्या ब्रेकवर गरजेपेक्षा जोरात पडतो आणि जो वळणावर दचकून मध्येच ॲक्सिलरेटर सोडतो, त्याच्याकडून पहिले वर्षभर अशा चुका होत राहणार, हे गृहीत धरूनच गाडी निवडली पाहिजे. काही गाड्या या चुका पोटात घालतात. काही त्याच चुकीची शिक्षा तिथल्या तिथे देतात. पहिली गाडी पहिल्या प्रकारातली असावी, एवढाच या लेखाचा आग्रह आहे. ती ओळखावी कशी, त्यासाठी कोणत्या क्रमाने निर्णय घ्यावेत आणि शोरूममध्ये किंवा जुन्या गाडीच्या व्यवहारात काय तपासावे, ते पुढे मांडले आहे.

आधी परवाना, मग गाडी

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार गिअरची मोटारसायकल चालवण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर वाहनापुरताच असतो, त्यामुळे अकरावी-बारावीच्या मुलाला १२५ सीसीची गाडी घेऊन देण्याला कायद्यात कोणतीही वाट नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मुलाच्या हट्टापुढे नमणाऱ्या प्रत्येक घरात हे कलम एकदा मोठ्याने वाचले जावे, असे मला मनापासून वाटते.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. अर्ज करताना 'गिअरसह मोटारसायकल' हाच वर्ग निवडलेला आहे ना, हे पाहावे. ज्यांच्याकडे केवळ विनागिअर स्कूटरचा परवाना आहे, त्यांनाही हा वर्ग नव्याने जोडून घ्यावा लागतो. तो न जोडता मोटारसायकल चालवणे म्हणजे परवान्याशिवाय चालवणेच होय. शिकाऊ परवान्यावर मागे कोणाला बसवता येत नाही. अपवाद फक्त शिकवणाऱ्या परवानाधारकाचा.

या महिनाभराच्या काळात गाडी विकत घेण्याची घाई करू नये. काका, मामा किंवा मोठा भाऊ यांच्यापैकी कोणाकडे तरी १०० किंवा ११० सीसीची जुनी गाडी असतेच. तिच्यावर, सोबत जाणता माणूस ठेवून, मोकळ्या मैदानात शिकावे. महिन्याभराच्या सरावानंतर आपल्याला काय जड जाते हे शरीराला कळलेले असते: कोणाचे क्लच धरून मनगट दुखते, कोणाचा सिग्नलला थांबताना तोल जातो, कोणाची पाठ भरून येते. ही माहिती कोणत्याही जाहिरातीत मिळत नाही आणि पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर उभा राहतो.

रोजचा रस्ता कागदावर मांडावा

गाडी कुठे फिरणार आहे, हे प्रामाणिकपणे लिहून काढावे. लडाखची सहल दहा वर्षांतून एकदा होते, कामावर जाणे मात्र रोजचे असते. हडपसरहून हिंजवडीला जाणाऱ्याचा बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच दाबत आणि सोडत जातो. त्याला हलका क्लच, कमी वजन आणि कमी उष्णता देणारे इंजिन हवे. सातारा-कराड दरम्यान महामार्गावरून ये-जा करणाऱ्याला ७० च्या वेगात न थरथरणारी, मागून ट्रक आल्यावर थोडी पुढे सरकू शकणारी गाडी हवी. कोकणातल्या वाडीवरून लाल मातीच्या चढाने डांबरी रस्त्यावर येणाऱ्याला खालची मोकळीक (ग्राउंड क्लिअरन्स) आणि पावसात पकड देणारे टायर यांची गरज जास्त.

मोठ्या इंजिनाच्या बाजूने सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद महामार्गावरच्या वेगाचा असतो, म्हणून महाराष्ट्रातली वस्तुस्थिती इथेच सांगायला हवी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि मुंबईचा किनारी रस्ता या सर्वांवर दुचाकींना बंदी आहे. जे चौपदरी महामार्ग खुले आहेत, तिथे केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे आणि स्थानिक फलक ती आणखी खाली आणू शकतो. १२५ ते १६० सीसीची आजची कोणतीही चांगली गाडी हा वेग सहज गाठते. जिथे दुप्पट ताकद खऱ्या अर्थाने वापरता आली असती, ते रस्ते आपल्यासाठी बंदच आहेत, म्हणून केवळ त्या कारणासाठी जास्तीचे पैसे आणि जास्तीचे वजन पत्करू नये.

इंधनाचा हिशेबही याच कागदावर करावा. रोज ३० किलोमीटर आणि महिन्याला २६ दिवस धरले तर ७८० किलोमीटर होतात. लिटरला ६० किलोमीटर देणाऱ्या गाडीला १३ लिटर पेट्रोल लागेल, ३५ देणाऱ्या गाडीला सव्वाबावीस लिटरच्या आसपास. लिटरचे शंभर रुपये धरले तरी हा फरक महिन्याला सव्वानऊशे रुपयांच्या घरात जातो. पहिला पगार पंधरा-वीस हजारांचा असणाऱ्या मुलामुलींनी हा आकडा हप्त्याच्या शेजारी लिहून पाहावा.

शरीराला बसणारी गाडी

गाडी निवडण्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि शोरूममध्ये सर्वांत कमी वेळ याच भागाला दिला जातो. नवशिक्याची गाडी बहुतेक वेळा वेगात पडत नाही. ती थांबताना, वळवताना, चढावर किंवा खडीवर पाय टेकवताना पडते. त्यामुळे बैठकीची उंची आणि गाडीचे वजन हे दोन आकडे सीसीच्या आधी पाहावेत.

माहितीपत्रकात बैठकीची उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते. हीरो स्प्लेंडर प्लसची ७८५, टीव्हीएस रेडरची ७८०, होंडा शाइनची सुमारे ७९०, रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची ८०५, यामाहा आर१५ ची ८१५ आणि हीरो एक्सपल्स २०० ची ८२५ मिलिमीटर आहे. पाच फूट दोन-तीन इंच उंचीच्या व्यक्तीला ७८० आणि ८२५ यांमधला फरक फार मोठा ठरतो. तरीही हा आकडा एकटा पुरेसा नाही. बैठक पुढून रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढ्याच उंचीवर पाय कमी पोहोचतात. बैठक अरुंद असेल तर पोहोच वाढते. चालवणाऱ्याच्या वजनाने मागचे शॉकअप थोडे दबतात, त्यामुळेही फरक पडतो. म्हणून रोज घालणार तेच बूट घालून गाडीवर बसून पाहावे. दोन्ही पायांचे चवडे पक्के टेकले पाहिजेत, आणि एक पाय संपूर्ण टेकवून दुसरा ब्रेकवर ठेवता आला पाहिजे. दोन्ही टाचा टेकल्या तर पहिल्या गाडीसाठी त्याहून चांगले काही नाही.

त्यानंतर वजन. स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास आहे, शाइन त्याहून किंचित जास्त, यामाहा एफझी साधारण १३५, पल्सर १५० सुमारे १५०, हंटर ३५० सुमारे १८१ आणि क्लासिक ३५० सुमारे १९५ किलो. चालत्या गाडीचे वजन फारसे जाणवत नाही, पण पार्किंगमधून गाडी मागे ओढताना, उतारावर यू-टर्न घेताना आणि पडलेली गाडी उचलताना ते पूर्णपणे जाणवते. शोरूममध्येच चार गोष्टी करून पाहाव्यात. बंद गाडीवर बसून ती पायांनी दहा फूट मागे न्यावी. खाली उतरून ती हँडल धरून एका वर्तुळात ढकलावी. साइड स्टँडवरून सरळ करावी. आणि मेन स्टँड असेल तर त्याच्यावर चढवून पुन्हा उतरवावी. लावता न येणारा मेन स्टँड पंक्चरच्या दिवशी काही कामाचा नसतो. यांपैकी एखादी गोष्ट जिवावर येत असेल, तर गाडी कितीही आवडली तरी ती दुसऱ्या खेपेला घ्यावी.

कमी उंचीच्या चालकांना अनेकदा बजाज ॲव्हेंजरसारखी खूप खाली बसणारी गाडी सुचवली जाते. तिची बैठक ७३७ मिलिमीटरवर आहे हे खरे. मात्र ती लांब आहे, पाय पुढे जातात आणि चिंचोळ्या गल्लीत वळायला तिला जागा जास्त लागते. घरासमोरचा बोळ कसा आहे यावर हा निर्णय सोडावा. बैठकीचा फोम थोडा छाटून उंची कमी करणारे कारागीर प्रत्येक शहरात आहेत आणि तो उपाय निर्धोक आहे. शॉकअप बदलून किंवा खाली सरकवून गाडी बुटकी करण्याच्या फंदात मात्र पडू नये, कारण त्याने गाडीचे वळणे आणि ब्रेक लागणे दोन्ही बिघडते.

हातांकडेही लक्ष द्यावे. क्लचचा लिव्हर चारही बोटांनी, मनगट न वाकवता, पूर्ण दाबता आला पाहिजे. तो दहा वेळा दाबून सोडावा. दहाव्या वेळी बोटे कुरकुरत असतील तर कोथरूडच्या संध्याकाळच्या वाहतुकीत त्यांचे काय होईल, हे सांगायला नको. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहावे. दूरचा हात ताणला जात असेल किंवा टाकी अंगठ्याला लागत असेल तर हळू वळताना तोल सुटतो. रेसिंग धाटणीच्या, पुढे झुकवणाऱ्या गाड्यांमध्ये हा त्रास हमखास असतो आणि वजन मनगटांवर येते ते वेगळेच. पहिल्या गाडीवर पाठ सरळ, कोपर किंचित वाकलेले आणि नजर लांबवर असावी.

मागे कोण बसणार, तेही इथेच ठरते. आई साडी नेसून एका बाजूला बसणार असेल तर मागची सीट सपाट आणि फार उंच नसलेली हवी. पकडण्यासाठी दांडी, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा साडी गार्ड असणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बंधनकारक केले आहे. दिसायला नको म्हणून साडी गार्ड काढून टाकण्याची पद्धत अत्यंत धोक्याची आहे. चार वर्षांखालील मूल नेताना त्याला चालकाशी जोडणारा पट्टा आणि मापाचे हेल्मेट घालणे, तसेच वेग ४० च्या आत ठेवणे हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

इंजिनाची वागणूक

सीसी हा सिलिंडरच्या आकारमानाचा आकडा आहे. गाडी किती झटक्याने पुढे जाईल ते त्यावरून कळत नाही. क्लासिक ३५० चे ३४९ सीसीचे इंजिन सुमारे २० अश्वशक्ती देते, तर केटीएम २०० ड्यूक २०० सीसीमध्ये २५ च्या आसपास देते आणि वजनाने बरीच हलकी आहे. पहिली स्वभावाने शांत पण अंगाने जड, दुसरी हलकी पण तापट. नवशिक्याला दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी अवघड जातात. खड्ड्यात मनगट चुकून पिळले गेले तर ड्यूक पुढच्या गाडीवर जाईल. क्लासिक तसे करणार नाही, पण खडीवर कलली तर सावरता येणार नाही.

माझ्या मते पहिल्या गाडीसाठी ८ ते १४ अश्वशक्ती आणि १४० किलोच्या आतले वजन ही योग्य मर्यादा आहे. तिच्यात शहरासाठी स्प्लेंडर, शाइन, एसपी १२५ आणि रेडर येतात, आणि महामार्गाचा वापर असेल तर एफझी किंवा युनिकॉर्न. युनिकॉर्न दिसायला साधी आहे म्हणून तरुण मुले तिच्याकडे पाहत नाहीत, पण तिचे इंजिन कमी वेगातही वरच्या गिअरमध्ये ओढते, चुकीच्या गिअरमध्ये असतानाही बंद पडत नाही, आणि नवशिक्याला नेमके हेच हवे असते. रोज घाट चढायचा असेल, तोही दोघांनी, तर १०० सीसीवर खंबाटकीत दुसऱ्या गिअरवर यावे लागते आणि मागची वाहने हॉर्न वाजवू लागतात. तिथे १२५ च्या वर जाणे योग्य.

विजेवरच्या मोटारसायकलींना क्लच आणि गिअर बहुधा नसतात. फक्त शहरात फिरणाऱ्याला त्या सोयीच्या आहेत, पण गिअर शिकायचे असतील तर त्यांवर ते शिकता येणार नाहीत.

ब्रेक आणि टायर

'पुढचा ब्रेक दाबू नकोस, पालथा होशील' हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. तो धोकादायक आहे. ब्रेक लागताना गाडीचे वजन पुढे सरकते, पुढचे टायर रस्त्यावर अधिक घट्ट दाबले जाते आणि मागचे हलके होते; म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेकच करतो आणि एकट्या मागच्या ब्रेकवर विसंबले तर चाक घसरत जाते. पुढचा ब्रेक झटक्याने आवळला, चाक जाम झाले, म्हणजे माणूस पडतो. नेमके हेच जाम होणे टाळण्यासाठी एबीएस असते. वेग ४० वरून ६० वर गेला की थांबायला लागणारे ब्रेकचे अंतर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते, हेही सोबत लक्षात ठेवावे.

एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरील सर्व गाड्यांना एबीएस बंधनकारक झाले. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना किमान सीबीएस, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागण्याची सोय द्यावी लागली. एका चॅनलचे एबीएस फक्त पुढच्या चाकावर काम करते, दोन चॅनलचे दोन्ही चाकांवर. पावसाळ्यात चार महिने ओल्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या नवशिक्यासाठी एबीएसला मी रंग, मीटरचा पडदा आणि ब्लूटूथ या सर्वांच्या वर ठेवतो. बजेट १२५ सीसीचेच असेल तर किमान पुढे डिस्क असलेले मॉडेल घ्यावे; ड्रमच्या मॉडेलपेक्षा काही हजार रुपये जास्त पडतात, ते खर्च करावेत.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते आणि गाडी सावरायला वेळ मिळतो. तारांच्या चाकांत बहुधा ट्यूब असते आणि तिची हवा एकदम जाऊ शकते. दिसण्यासाठी तारांची चाके निवडण्यापूर्वी हा फरक ध्यानात घ्यावा. गाडीसोबत आलेल्यापेक्षा रुंद टायर बसवून घेण्याची हौस टाळावी. गाडी जड वळते आणि ॲव्हरेजही घटते.

पैशांचा खरा हिशेब

जाहिरातीतली किंमत एक्स-शोरूम असते. तिच्यावर महाराष्ट्रात सीसीनुसार साधारण १० ते १२ टक्के रस्ता कर, नोंदणीचा खर्च आणि विमा चढतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. त्यामुळे जुन्या लेखांतल्या किमती आता उपयोगाच्या नाहीत.

विम्यात एक बारीक पण उपयोगी गोष्ट आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम काढावा लागतो आणि त्याचे दर सीसीच्या टप्प्यांवर ठरतात. २०२२ साली जाहीर झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या टप्प्याला पाच वर्षांचे ३,८५१ रुपये आहेत, १५० ते ३५० च्या टप्प्याला ७,३६५ आणि ३५० च्या वर १५,११७. म्हणजे १४९ सीसीची एफझी पहिल्या टप्प्यात बसते आणि १५५ सीसीची एमटी-१५ दुसऱ्या. विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. बाहेरून दोन ठिकाणचे दर काढून मग बोलावे. मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षण आधीच कुठे घेतलेले असेल तर ते पुन्हा घ्यावे लागत नाही.

कोटेशनमध्ये 'हँडलिंग चार्जेस' किंवा 'लॉजिस्टिक्स' अशी ओळ दिसली तर तिचा आधार विचारावा, कारण असा कोणताही सरकारी कर नाही. टेफ्लॉन कोटिंग, रस्टप्रूफिंग, चार हजारांचा ॲक्सेसरी संच यांना नम्रपणे नकार देता येतो. क्रॅश गार्ड आणि साडी गार्ड मात्र घ्यावेत. गाडीसोबत आयएसआय हेल्मेट देण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३८ मध्ये आहे, त्याची मागणी करावी.

कर्ज घेणार असाल तर व्याजाचा दर फ्लॅट, म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर लागणारा आहे, की घटत्या शिलकीवरचा, हे लेखी घ्यावे. ८० हजार रुपये १० टक्के फ्लॅट दराने तीन वर्षांसाठी घेतले तर व्याज २४ हजार आणि हप्ता सुमारे २,८९० रुपये होतो. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर जवळजवळ १८ टक्के आहे. तोंडी सांगितलेला 'फक्त दहा टक्के' ऐकून सही करणारी कितीतरी कुटुंबे आहेत, आणि यात त्यांची चूक नाही. हे त्यांना कोणी समजावूनच सांगितलेले नसते.

बजेट ठरवताना हेल्मेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट आणि रेनकोट यांसाठी किमान पाच-सहा हजार आधीच बाजूला ठेवावेत. १ जून २०२१ पासून बीआयएस प्रमाणपत्र नसलेली दुचाकी हेल्मेटे विकण्यास बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला ती मिळतातच. हेल्मेट डोक्यावर घालून, पट्टा बांधून, हनुवटीपाशी धरून हलवावे. गालांची कातडी सोबत हलली पाहिजे, हेल्मेट डोक्यावर फिरता कामा नये.

वापरलेली गाडी घ्यायची झाल्यास

पहिली गाडी एकदा तरी पडते, म्हणून चार-पाच वर्षे वापरलेली गाडी घेण्यात शहाणपण आहे. नव्या गाडीचा पहिला ओरखडा ज्याला झोपू देत नाही, तो भीत भीत चालवतो आणि नीट शिकत नाही. मात्र १२५ सीसीच्या वरची गाडी २०१९ नंतरचीच घ्यावी, म्हणजे एबीएस मिळते. एप्रिल २०२० नंतर नोंदलेली असेल तर ती प्रदूषणाच्या बीएस-६ प्रमाणाचीही असते.

कागद आधी पाहावेत. आरसीवरचे (नोंदणी प्रमाणपत्रावरचे) इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवरच्या कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः जुळवावेत; कोरलेल्या जागी घासल्याच्या खुणा असतील तर तिथून निघावे. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वाहतूक पोलिसांचे थकलेले ई-चलान तपासावे, उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का ते पाहावे. व्यवहार झाला की फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्यावी. 'एजंट करेल' म्हणून महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या हस्तांतरणांमुळे विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात. विम्याचे हस्तांतरणही १४ दिवसांच्या आत मागावे.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन थंड ठेवण्यास आधीच सांगावे. हाताला इंजिन गरम लागले तर सुरू होण्याचा त्रास लपवला जात असण्याची शक्यता आहे. सुरू केल्यावर निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑईल जळते आहे, आणि ते दुरुस्त करणे महाग पडते. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ, चेन स्प्रॉकेटचे आकड्यासारखे वाकलेले दात, डिस्कच्या कडेला बोटाला लागणारी उंच धार, या गोष्टी दिवसाच्या उजेडात दिसतात आणि प्रत्येकीचा खर्च सांगून किंमत कमी करता येते. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मध्ये खटकल्यासारखे अडकत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, गेला आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचे कडक झालेले टायर ओल्या रस्त्यावर धरत नाही.

कोल्हापूर-सांगलीत २०१९ साली आणि चिपळुणात जुलै २०२१ मध्ये हजारो वाहने पाण्याखाली गेली. पुरातून निघालेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकली जाते. सीट काढून आतल्या कोपऱ्यांत गाळाची रेघ, एअर फिल्टरच्या डब्यात माती, हेडलाइटच्या आत पाण्याचा डाग, वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज दिसला तर किंमत कितीही कमी असो, ती गाडी सोडावी. तिचे वायरिंग पुढे अनेक वर्षे त्रास देत राहते. शंका असेल तर आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला त्याच्या वेळेचे पैसे देऊन सोबत न्यावे. विकणाऱ्याने सुचवलेल्या मेकॅनिकचे मत घेऊ नये.

चाचणी फेरी

शिकाऊ तरी परवाना खिशात आणि हेल्मेट डोक्यावर असल्याशिवाय फेरी मारू नये. शोरूमसमोरच्या सरळ रस्त्यावर दोनशे मीटर जाऊन येण्याने काही कळत नाही. पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न देता, क्लच सावकाश सोडून गाडी चालण्याच्या वेगाने जाते का ते पाहावे. ज्या गाडीवर हे विनासायास जमते, ती वाहतुकीत साथ देते. दोन वेळा यू-टर्न घ्यावा, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. मोकळ्या जागी ३० च्या वेगावरून दोन्ही ब्रेक एकत्र, वाढत्या दाबाने लावून गाडी सरळ थांबते का हे पाहावे. स्पीडब्रेकरवरून न्यावी. थांबल्यावर न्यूट्रल सहज सापडते का, हेही पाहावे. सिग्नलवर ते न सापडणे नवशिक्याला फार घाबरवते. किमान तीन वेगवेगळ्या गाड्यांवर, शक्यतो एकाच दिवशी, ही फेरी मारली म्हणजे तुलना मनात ताजी राहते.

गाडी ताब्यात घेताना आणि पहिले हजार किलोमीटर

गुढीपाडवा आणि दसऱ्याला शोरूममध्ये उभे राहायला जागा नसते, आणि गाडी देण्यापूर्वीची तपासणी त्या गर्दीत घाईने उरकली जाते. मुहूर्त पाळायचा असेल तर जरूर पाळावा. पण आपल्या नावाची गाडी दोन-तीन दिवस आधी जाऊन, चासी क्रमांक लिहून घेऊन, दिवसाउजेडी तपासावी आणि मुहूर्तावर फक्त हार घालून घरी आणावी. तपासताना उत्पादनाचा महिना पाहावा, कारण सहा-आठ महिने गोदामात उभी राहिलेली गाडी नवी म्हणून दिली जाते आणि तिची बॅटरी तेवढी जुनी असते. मीटरवरचे किलोमीटर, टायरची हवा, सर्व दिवे, दोन्ही चाव्या, टूलकिट, प्रथमोपचार पेटी आणि मालकाची पुस्तिका जागेवर असल्याची खात्री करावी. नंबरप्लेट बसल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत इंजिन फार ताणू नये, पण एकाच वेगातही तासन्‌तास चालवू नये. पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत वेग कमी-जास्त करत राहावे. पहिले दोन आठवडे रोज पहाटे, वाहतूक सुरू होण्यापूर्वी, मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास हळू चालवण्याचा, वळण्याचा आणि ब्रेक लावण्याचा सराव करावा, आणि मागे कोणाला बसवण्याची घाई करू नये. पहिले सर्व्हिसिंग बहुतेक गाड्यांना ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान असते आणि ते चुकवू नये, कारण नव्या इंजिनातून झिजून निघालेले धातूचे कण त्या पहिल्या ऑईलमध्ये उतरलेले असतात. मजुरी मोफत असली तरी ऑईलचे पैसे द्यावे लागतात. त्याच वेळी क्लचच्या लिव्हरचा मोकळा भाग, मागच्या ब्रेकच्या पेडलची उंची आणि आरसे आपल्या मापाला बसवून घ्यावेत, चेनचा ताण कसा पाहायचा ते मेकॅनिककडून समोर उभे राहून शिकून घ्यावे, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला चेन स्वच्छ करून तिला तेल द्यावे.